टँकरच्या रांगेत सांगितलेला शेवट

मी एकदा एका माणसाला मारून टाकलं. भर रस्त्यात, दहा-बारा बायांच्या साक्षीनं. आणि ज्या घटकेला मी त्याला मारत होते, त्याच घटकेला तो आमच्याच घरात, टीव्हीच्या पडद्यावर, मांडी घालून बुंदीचे लाडू खात होता. बघायला फक्त माझी सासू होती. तिनं मला खरं ते सांगितलं, तर मी तिलाच म्हणाले, "आत्याबाई, तुम्हाला डुलकी लागली असेल."

आता नातवंडं मोबाइलवर काहीबाही बघतात, मधेच थांबवतात, मागं नेतात, पुन्हा बघतात. त्यांना सांगून कळत नाही की एके काळी टीव्हीवरचं हुकलं म्हणजे जन्माचं हुकलं. मग ज्या कुणाच्या तोंडाला जोर असेल त्याचंच खरं. त्या काळात आमच्या वसाहतीत माझ्या तोंडाला लई जोर होता.

लातूर जिल्हा तेव्हा नवानवा होता. उस्मानाबादेतून फुटून निघाला होता, आणि वेगळ्या निघालेल्या भावासारखीच त्याची गत होती. संसार मांडला होता, भांडी यायची होती. माझे यजमान नव्या कचेरीत लागले तेव्हा तिघांत एक टेबल होतं. जो आधी जाईल त्याला खुर्ची, म्हणून ते डबा न घेताच पळायचे. जिल्हा झाल्याचं सगळ्यांना कळलं होतं, पावसाला तेवढं कुणी कळवलं नव्हतं. विहिरी तळाला गेलेल्या, नळाला नुसता वारा येई. वसाहतीत टँकर यायचा. कधी यायचा, ते टँकरवाल्याला आणि देवाला ठाऊक. आमच्या घरात देव नव्हते, त्यामुळं आम्हाला तेवढीही सोय नव्हती.

मी नांदेडची. गोदावरीच्या काठावर वाढलेली, विष्णुपुरीचं धरण उभं राहताना बघितलेली. लातुरात बादलीभर पाण्यासाठी चाललेली मारामारी बघून मी नाक मुरडायची, जणू गोदावरी माझ्या आहेरात आली होती. त्यात मराठी घेऊन एम.ए. झालेली. आमच्या घराण्यातली पहिली. वडील रेल्वेत होते, दीक्षा घेतलेल्या पहिल्या पिढीतले. त्यांनी मला लहानपणापासून सांगितलं होतं की शिकलेलं आपल्याजवळ ठेवू नये, दुसऱ्याला द्यावं. समोरच्यानं मागितल्यावर द्यावं, एवढं सांगायचं ते विसरले असावेत.

कॉलेजात तासांवर शिकवायची, त्यामुळं वसाहतीत मी 'मॅडम' होते. शिवाय टीव्ही फक्त आमच्या घरी. दोन खोल्या वरच्या मजल्यावर, बाहेरच्या खोलीत तथागतांची तसबीर आणि तिच्याखाली तो लाकडी दारांचा टीव्ही. आठवड्यातून एका संध्याकाळी मुंबईहून एक विनोदी मालिका लागायची. चाळीतली माणसं, त्यांची भांडणं, अर्ध्या तासाचा खेळ. जिन्यापर्यंत बाया बसायच्या. कुणाच्या घरचं पाणी कुणाला चालत होतं, कुणाला नव्हतं, हा प्रश्न दुष्काळानं परस्पर मिटवला होता. पाणी कुणी कुणाला विचारतच नव्हतं.

त्या मालिकेचा लेखक वाचलेला माणूस होता. जुन्या, नावाजलेल्या कथांचे तुकडे तो हळूच विनोदात पेरून ठेवायचा. कुठं एखाद्या कथेतला कंदील चाळीच्या जिन्यात लटकायचा, कुठं कथेतल्या म्हाताऱ्याचं बोलणं दूधवाल्याच्या तोंडी यायचं. ज्यानं वाचलंय त्यानं मनात हसावं, बाकीच्यांनी नुसत्या दूधवाल्याला हसावं, अशी ती गंमत. मनात हसणं मला कुठलं जमायला! मी वर्गात असल्यासारखा हात वर करायची. "थांबा! हे कुठून घेतलंय सांगते." सांगून होईतो पडद्यावरची माणसं पुढच्या भांडणात पोचलेली असायची.

आत्याबाई एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आमच्या घरी हसायचं आसंल तर आदी सूनबाईला इचारावं लागतंय."

बाया हसल्या. मला वाटलं, माझं कौतुक चाललंय.

आता खालच्या काकूंचं सांगते, कारण मी मारलेला माणूस खरं तर त्यांच्या अंगावर पडला.

खालच्या काकू म्हणजे आमच्या खाली राहणाऱ्या. मालक गावाकडं शेती बघायचे, या पोरांच्या शिक्षणासाठी लातुरात खोली करून राहिल्या होत्या. त्यांची एकुलती एक धाकटी बहीण लोह्याला दिलेली. दोघी बहिणींची तकरार झालेली, आणि कारण काय, तर साडी. काकूंनी बहिणीला तिच्या बाळाच्या बारशाला डाळिंबी नारायणपेठी दिली होती. पुढं काकूंच्या धाकट्याचं जावळ निघालं तेव्हा बहिणीनं आहेर केला. काकूंनी घडी उलगडली, तर तीच डाळिंबी नारायणपेठी! पदराच्या आतल्या अंगाला काकूंच्याच हळदीच्या बोटाचा डाग.

"माझंच मला दिलं, मॅडम! नेसली बी न्हाई. मी दिलेलं तिला नेसाजोगं वाटलं न्हाई." हे सांगताना दरवेळी त्यांचा आवाज चिरकायचा. तेव्हापासून जाणं बंद, येणं बंद.

आणि आता त्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं होतं. लोह्याहून पत्रिका आली, सोबत अक्षता. आणणारा बहिणीचा दीर "वहिनीनं सांगितलंय, यावं," एवढंच बोलून गेला. काकूंनी पत्रिका डब्यांच्या मागं ठेवली होती, आणि वसाहतीतल्या प्रत्येक बाईला विचारून झालं होतं, जावं का न्हाई?

"जा की," आत्याबाईंनी सांगितलं. "मावशी हायेस तू. मावशीबिगर लगीन हाय का?"

"जाईन वो. पर गेले आन् तिनं तोंड फिरवलं तर? भरल्या मांडवातून परत येऊ? मरून जाईन मी."

अशा बेतात ती संध्याकाळ आली.

मालिकेच्या त्या दिवशीच्या भागात दोन भाऊ होते, मधे नुसती एक भिंत. कधीतरी शिडी उसनी नेली, परत केली नाही, यावरून बोलणं तुटलेलं. धाकट्याच्या घरी लग्नाची गडबड. थोरला आपल्या खोलीत येरझारा घालतो, शेवटी ट्रंकेतून जुना कोट काढतो, डांबरगोळ्या झटकतो, कोट अंगात चढवतो. दारापर्यंत जातो. दार ठोठावायला हात उचलतो. आतून हसण्याचा आवाज येतो...

मी उभीच राहिले. ही तर एम.ए.ला असलेली परदेशी कथा! तेच भाऊ, तीच शिडी, तोच कोट. कथेत थोरल्याला वाटतं की आत आपल्यालाच हसतायत. उचललेला हात तो खाली घेतो, परत फिरतो, त्याच हिवाळ्यात मरतो. आणि मागाहून कळतं की धाकट्यानं पंगतीत त्याची खुर्ची रिकामी ठेवली होती. या कथेवर मी सोळा पानी उत्तर लिहिलं होतं. परीक्षकानं चार पानांत मागितलं होतं, तरी लिहिलं होतं.

आणि नेमका तेव्हा खालून भोंगा वाजला. टँकर!

दुपारपासून घागरी रांगेत उभ्या होत्या, बाया टीव्हीपुढं. पण भोंगा वाजला की जिची ती घागरीजवळ पायजे, नाहीतर मागची बाई पायानं सरकवते. सगळ्या अर्ध्या उठलेल्या, नजर पडद्यावर. थोरल्याचा हात अजून हवेत. काकू तर जागच्या हलेनात. त्यांचा जीव त्या हातात अडकला होता.

तेव्हा मी, त्या वसाहतीची सरस्वती, हात वर करून म्हणाले, "चला चला, पाणी भरा! मला शेवट माहिताय. रांगेत सांगते."

सगळ्या निघाल्या. माझ्या शब्दावर निघाल्या. गुडघे धरलेले म्हणून आत्याबाई तेवढ्या टीव्हीपुढं राहिल्या.

आणि रांगेत मी सांगितला की शेवट! काय सांगितला! हात उचलून दाखवला, खाली घेऊन दाखवला. थोरल्याला मारलं. रिकामी खुर्ची मांडली. पाईप धरलेला टँकरचा माणूससुद्धा ऐकत होता, एका घागरीवरून पाणी वाहून गेलं तरी त्याला भान नव्हतं. बायांनी पदर डोळ्यांना लावले. मला आयुष्यात इतका चांगला वर्ग कधी मिळाला नव्हता. वाटलं, बघा, हेच साहित्याचं सामर्थ्य. टँकरच्या रांगेपर्यंत पोचलं!

काकू रडल्या नाहीत. घागर उचलून डोक्यावर घेतली आणि म्हणाल्या, "बराबर हाय. दारातूनच परत यायचं तर जायचं कामून?"

मी मान डोलावली. त्या बाईनं कथेचं मर्म पकडलं म्हणून मला आनंद झाला होता, विश्वास ठेवा.

वर आलो तर आत्याबाई हसून हसून लाल झालेल्या. "अगं माय, काय पडला गं त्यो! दाराला कडीच न्हवती. ह्यानं हात मारला आन् सरळ आत! पंगतीत! कोटाची बटनं तुटून कढीत. आन् भाऊ काय म्हनतोय, 'किती उशीर केलास, बुंदी संपत आली!' बसविला, लाडू वाढले. खाऊन ऱ्हायला की गडी!"

घागरी ठेवायला मदत म्हणून काकू माझ्यामागं वर आल्या होत्या. त्या दारात थबकल्या. एकदा आत्याबाईंकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

आणि मी ते वाक्य बोलले. डुलकीचं. वर आणखी समजावलंही, की एवढा नावाजलेला शेवट कुणी बदलत नसतो, आत्याबाई, मधे जाहिरात लागली असेल, तुम्ही दोन्ही एकत्र केलं असेल.

आत्याबाई पदर सावरून म्हणाल्या, "आसंल माय. मी आडानी."

काकू खाली गेल्या. शिकलेल्या बाईचं ऐकावं की न शिकलेलीचं, हा निकाल त्यांनी चार पायऱ्यांत लावला असावा, कारण दुसऱ्या दिवशी सगळीकडं झालं होतं की काकू लोह्याला जाणार नाहीत.

आमच्या घरात मात्र आत्याबाईंनी सूड सुरू केला. मी विचारायची, "आत्याबाई, दूध आलं का?" "आलं वाटतंय. पर मला डुलकी लागली आसंल." "यजमान गेले का कचेरीत?" "गेल्यासारखं वाटलं बाई. जाहिरात बी आसंल." आठवडाभर माझ्या घरात एक गोष्ट धड कळेना.

पुढचा भाग लागला तेव्हा काकूंच्या भाचीच्या लग्नाला दोनच दिवस उरले होते. काकू टीव्हीला आल्या नाहीत. "रडायची गोस्ट घरीच हाय, तिकडं कशाला येऊ," असा निरोप आला. बाकीच्या बसल्या होत्या. यजमान गच्चीवर अँटेना धरून. मुंग्या गेल्या, चित्र लागलं.

धाकट्या भावाचं घर. खिडकीशी, तोच कोट घालून, कोटाला एकच बटन, थोरला भाऊ ताट पुढं घेऊन बसला होता. ताटात लाडू.

मग जिन्यावरून एकीचा आवाज आला, "मॅडम, मेलेला मानूस जेवून ऱ्हायला की वो!"

असं हसणं मी त्या खोलीत त्याआधी ऐकलं नव्हतं. कुणी माझी परवानगी घेतली नाही. खालून कुणीतरी ओरडलं, काय झालं, काय झालं? आणि जिन्यावरून उत्तर गेलं, "मॅडमचं मढं उठलं!"

आज मला ते साधंसरळ दिसतं. तो लेखक वाचलेल्या माणसालाच चिमटा काढत होता. ओळखीच्या वाटेनं दारापर्यंत न्यायचं आणि दारातच ढकलून द्यायचं, हाच तर विनोद. वाट जिला माहीत नव्हती त्या माझ्या सासूला तो पडलेला दिसला. मला वाट पाठ होती, म्हणून मी तिथं थांबलेच नाही. पण हे आजचं शहाणपण. त्या संध्याकाळी मला फक्त कान गरम झाल्याचं कळत होतं.

आत्याबाई हसल्या नाहीत. त्या एवढंच बोलल्या, "ह्या बाया हसून घरी जातील. ती खालची काय करंल?"

मी उठले. पायऱ्या उतरताना मनात दोन-तीन चांगली वाक्यं जुळवली, रूपांतर आणि विडंबन यांतला फरक वगैरे. काकू सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या.

"काकू, तो माणूस मेला नाही."

"कोन?"

"थोरला भाऊ. कोटवाला. तो आत गेला होता. आत्याबाई खरं सांगत होत्या."

त्यांचा हात सुपात थांबला. "मंग तुम्ही तर म्हनलात, शेवट म्हाईताय."

"पुस्तकात तसा होता. टीव्हीवरचा मी बघितलाच नव्हता. तुमच्याबरोबर तर रांगेत होते."

"हाव की." हे त्यांच्याही ध्यानात तेव्हाच आलं. थोडा वेळ त्यांनी एकच खडा दोन बोटांत फिरवला. "म्हंजी पुस्तकातला मेला आन् टीव्हीतला जेवला. आता मी कोनाचं ऐकू?"

जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली. "मला माहीत नाही," मी म्हणाले. वसाहतीत राहायला आल्यापासून हे तीन शब्द मी पहिल्यांदा उच्चारले असतील.

"बरं," म्हणाल्या आणि ज्वारी निवडायला लागल्या. जाते म्हणाल्या नाहीत, जात नाही म्हणाल्या नाहीत.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी गच्चीवर वाळवण घालत होते. खाली बघते तर काकू कुलूप लावतायत. चांगलं लुगडं, पायात नव्या वहाणा, हातात कापडी पिशवी. पिशवीच्या तोंडातून एक काठ बाहेर आलेला. डाळिंबी.

वाळवण तसंच टाकलं. पळत आत गेले. "आत्याबाई, काकू निघाल्या! आणि ती साडी घेऊन निघाल्या! भर मांडवात बहिणीच्या तोंडावर फेकणार!"

"कोन म्हनलं?"

"दुसरं कशाला नेतील?"

"आता ह्यातला बी शेवट तुला म्हाईत हाय का?"

मी गप्प बसले. पण डोकं गप्प बसेना. ते दोन दिवस मी भाकरी थापता थापता एकामागून एक शेवट रचले. एकात काकू साडी फेकतात, एकात वऱ्हाड उठून जातं. एकात त्या दारापर्यंत जातात, हात उचलतात आणि परत फिरतात, लोह्याच्या बसस्टँडवर एकट्या बसून राहतात, आणि मांडवात त्यांचा पाट रिकामा. हा मला त्यातल्या त्यात साहित्यिक वाटला. त्यानंच भाकरी करपली.

आत्याबाईंनी करपलेली बाजू बघितली आणि विचारलं, "आजच्याला कितीजनं मारली?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू आल्या. आधी आमच्याकडं, वर. आवाज बसलेला, डोळे सुजलेले, केसांत सुकलेला गजरा. रडलेल्या दिसत होत्या, पण लग्नघरात माणूस कशाकशाला रडतं, त्यावरून काही कळत नाही. आत्याबाईंपुढं त्यांनी पुडा ठेवला. बुंदीचे लाडू.

"साडी?" माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं. या, बसा, काही नाही.

"दिली की! आहेराच्या वक्ताला तिच्याच हातात ठिवली. म्हनलं, घे, आता तुझी पाळी." काकूंना हसू यायला लागलं. "घडी बघितली तिनं. पदर उलटा करून डाग बघितला. मंग हसाया लागली, आन् हसता हसता जी रडाया लागली, थांबतच न्हाई. व्याही मंडळी बघाय लागली, ह्या बाईला काय झालं. मला म्हनली, आक्का, तू दिलेली म्हनून जपून ठिवली व्हती गं, कामाच्या घाईत जावंनं भलतीच घडी उचलून दिली, आन् तू इचारलंच न्हाई. मी म्हनलं, तू सांगितलं न्हाई. पोरीला वाटं लावताना तीच नेसली."

आत्याबाईंनी लाडू फोडून अर्धा काकूंना दिला, अर्धा स्वतः तोंडात टाकला. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. तेवढ्यावर शहाण्या बाईनं लाडू घ्यावा आणि गप्प बसावं. पण मी एम.ए. होते. मला तो क्षण हवा होता, सोळा पानांचा.

"पण काकू, ते नंतरचं झालं," मी पुढं सरकून विचारलं. "आधी, दाराशी पोचलात तेव्हा? आतून हसण्याचा आवाज आला का? हात उचलताना तुम्हाला काय वाटलं?"

काकूंनी लाडू खाता खाता माझ्याकडं बघितलं. मग आत्याबाईंकडं बघितलं. मग मला, लहान पोरीला सांगावं तसं म्हणाल्या:

"दार कुठलं वो मॅडम? लगनाचा मांडव व्हता, चारी अंगानं उघडा. मी कोनीकडून आत गेले, माझं मलाच कळलं न्हाई."